सिएनाकरांच्या टाळ्या

सिएनाकरांशी मी फार चांगला वागलो, असा पामर्स्टन नॉर्थच्या मराठी मंडळींत माझा लौकिक आहे. तो खरा नाही. त्या माणसाला मी सात वर्षं पाण्यात पाहिलं. लौकिक कसा झाला ते ओघात येईलच, पण वाचणाऱ्याची फसगत नको म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सिएनाकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव चारचौघांसारखं होतं, गाव मिरजेकडचं, आणि धंद्याने ते केमिस्ट होते. हे नाव ठेवलं माझ्या बायकोने, मेधाने, आणि ते इतकं चिकटलं की नाताळात त्यांना त्या नावाने कार्डं यायची. मेधा लोकांना नावं छान ठेवते. माझं तिने लग्नाच्या बारा वर्षांत एकही ठेवलं नव्हतं, हेही मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं.

आम्ही पुण्याहून इथे, ऑकलंडच्या दक्षिणेला असलेल्या या गावात, आलो ते मेधाच्या जोरावर. तिला हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी होती आणि मी तिच्या व्हिसावरचा नवरा. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी खोकल्याचं औषध आणायला केमिस्टकडे गेलो. काउंटरमागे पंचावन्न-साठीचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा कोट, खाली व्यवस्थित टाय, आणि काउंटरच्या बाजूने वाकून पाहिलं तर पायात मोजे घालून त्यावर जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. मराठी ऐकून ते खूश झाले. मी त्यांना पोस्ट कुठे आहे ते विचारलं.

"पोस्ट ना? कांपो सरळ ओलांडा. मनोरा डाव्या हाताला ठेवा. मग कॅथेड्रलचे खांब लागतील, तिथे जरा जपून. गाड्या थांबतात तशा, पण भरवसा ठेवू नका. खांब संपले की पोस्ट."

मी वीस मिनिटं कॅथेड्रलचे खांब शोधत हिंडलो. ते खांब म्हणजे रस्त्यावरचे झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे होते. सिएना हे इटलीतलं सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रांचं गाव. तिथल्या कॅथेड्रलचे खांब काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे आहेत. ते इथे आडवे पडले आहेत असं समजायचं, हे मला नंतर कळलं.

या माणसाने सगळं सिएना आमच्या गावावर बसवून टाकलं होतं. गावाच्या मधोमध जे मोठं हिरवं मैदान आहे, ज्याला सगळे स्क्वेअर म्हणतात, तो सिएनाकरांचा कांपो, म्हणजे तिथला मोठा चौक. मैदानातलं घड्याळ हा तिथला मनोरा. कौन्सिलची इमारत म्हणजे तिथलं नगरभवन. एका कार पार्कच्या कडेला एक भिंत अर्धवट बांधून सोडलेली होती. ते तिथलं अपुरं राहिलेलं कॅथेड्रल. "केवढं मोठं बांधायला घेतलं होतं," ते त्या भिंतीवर हात ठेवून सांगायचे, "आणि साथ आली. प्लेग. निम्मं गाव मेलं. काम तिथेच थांबलं. गावात एक बरा केमिस्ट असता तर आज ही भिंत अशी नसती."

शनिवारी बरोबर बारा वाजता ते लोकांना घेऊन हे गाव दाखवायला निघत. बाराच का, हा प्रश्न प्रत्येक नवा मराठी माणूस विचारायचा, कारण ती जेवणाची वेळ. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. तिकडे सूर्य दक्षिणेकडून जातो, इकडे उत्तरेकडून, म्हणून त्यांनी सिएनाचा नकाशा उलटा करून इथे बसवला होता. तसं केलं की दुपारी बाराचं ऊन दोन्ही गावांत त्याच भिंतीवर पडतं. सकाळ-संध्याकाळ मात्र उलटी होते. "त्याला माझा इलाज नाही," असं ते अगदी मनापासून खेद झाल्यासारखं म्हणायचे. लोक मग डबे घेऊन येत.

आता माझं दुखणं सांगतो. मी पुण्यात कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केलेला माणूस. वर्गात पहिला नव्हतो, पण तिसरा होतो. माझ्या रंगाच्या पेटीत 'बर्न्ट सिएना' नावाची ट्यूब वीस वर्षं होती. त्या नावाचं गाव आहे एवढं मला माहीत होतं, त्यापुढे मी चौकशी केली नव्हती. इथे मला साइनबोर्डच्या दुकानात काम मिळालं. प्लॅस्टिकच्या चिकट कागदातून 'क्लोजिंग डाउन सेल' अशी अक्षरं कापायची आणि काचेवर सरळ चिकटवायची. पहिल्याच वर्षी मी कम्युनिटी हॉलमध्ये जलरंगाचा वर्ग काढला. तिघं आली. त्यांतलं एक हीटरसाठी येत होतं.

आणि एका केमिस्टच्या मागे दर शनिवारी वीस-बावीस माणसं उन्हात चालायची.

मंडळाच्या दिवाळीला तर कळसच झाला. हॉलच्या मागच्या भिंतीला लागून मी माझी चौदा चित्रं मांडली होती. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं, 'चित्रप्रदर्शन'. नाट्यछटा म्हणणाऱ्या बाईंचा घसा बसला म्हणून पंधरा मिनिटं रिकामी झाली, आणि कोणीतरी सिएनाकरांना म्हणालं, काका, तुम्ही काहीतरी बोला. ते म्हणाले, "बोलून काय होणार? चला, दाखवतो." सगळा हॉल उठून त्यांच्यामागे बाहेर गेला. पंधरा मिनिटांची पन्नास झाली. मी, चहाची किटली आणि चौदा चित्रं असे मागे राहिलो. लोक परत आले ते बोलत बोलत, हसत, गाल लाल झालेले. समोशांच्या बशा ठेवायला टेबल पुरेना म्हणून एकाने बशी माझ्या एका चित्राच्या फ्रेमवर टेकवली. ते पर्वतीचं चित्र होतं. मेधा सगळ्यांत शेवटी आत आली आणि म्हणाली, "तू यायला हवं होतंस रे."

मी त्यांच्या फेरीला जायला लागलो ते यानंतर. शिकायला नव्हे, चुका काढायला.

चुका होत्याच. ख्रिस्ती लोकांच्या देवाच्या आईचं सोन्याच्या पार्श्वभूमीवरचं मोठं चित्र आहे तिथे. ते त्यांनी एका बँकेच्या पितळी दारावर बसवलं होतं. मुळात ते चित्र पुरं झालं तेव्हा गावाने दुकानं बंद ठेवून, मेणबत्त्या घेऊन, वाजतगाजत ते चित्रकाराच्या घरून देवळात नेलं होतं. "आपल्याकडे गणपती नेतात तसं," सिएनाकर म्हणायचे, "फक्त परत आणून बुडवला नाही." मग त्या बाईचा चेहरा हिरवट दिसतो त्याचं निदान सांगायचे. "रक्त कमी आहे. तिला आयर्न द्यायला हवं."

इथे मी त्यांना पकडलं. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "काका, ते आजारपण नाही. त्या काळी चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा थर देत आणि वर गुलाबी रंग. वरचा उडाला, खालचा दिसतोय."

त्यांचा चेहरा उजळला. खिशातून डायरी काढून त्यांनी ते लिहून घेतलं, दोनदा विचारून. पुढच्या शनिवारी बँकेसमोर उभं राहून ते म्हणाले, "हिरवी माती. हे आपल्या आर्टिस्टनी शोधलं." लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी वर पाहिलं. माझं होतं नव्हतं तेवढं शहाणपणही त्यांच्या फेरीत जमा झालं, माझ्याच नावासकट, आणि माझी तक्रार करायची सोय राहिली नाही.

ते सगळ्या गोष्टींचे डोस ठरवत. एका चित्रासमोर तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. "जास्त पाहिलं की पित्त होतं." दिवसाला दोनपेक्षा जास्त चित्रं नाहीत, आणि उपाशीपोटी तर एकही नाही. हातात नेहमी काळी छत्री असायची, पण ती त्यांनी कधी उघडलेली मी पाहिली नाही. आमच्या गावच्या वाऱ्यात छत्री उघडणारा माणूस नवखा समजला जातो. ती ते फक्त दाखवायला वापरत.

आणि हे सगळं ज्ञान आलं होतं एका पुस्तकातून. गावच्या लायब्ररीत सिएनाच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. सिएनाकर ते दर तीन आठवड्यांनी परत करत, काउंटरपाशी उभे राहत, बाई ते नेऊन कपाटात ठेवत, हे कपाटापाशी जाऊन ते पुन्हा घेत. लायब्ररीतल्या बाई त्यांना पाहिलं की 'किया ओरा', हा इथल्या मूळ भाषेतला नमस्कार, म्हणून आधीच शिक्का उचलत. मी एकदा विचारलं, विकत का घेत नाही? ते म्हणाले, "घेतलेलं पुस्तक कपाटात जातं. परत करायचं असलं की वाचावं लागतं." पुस्तक ते अर्धवटच उघडत, पुरतं पसरत नसत, शिवणीला त्रास होतो म्हणून. दुसऱ्या कोणी ते सपाट उघडायला घेतलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

फेरीची अखेर व्हायची एका बुटांच्या दुकानासमोर. सिएनाच्या नगरभवनात एक भिंतभर चित्र आहे. ज्या गावाचा कारभार चांगला चालतो ते गाव कसं दिसतं, त्याचं. घरं, दुकानं, छपरावर काम करणारे गवंडी, आणि रस्त्याच्या मधोमध हातात हात धरून नाचणाऱ्या बायका. त्यांच्या मागेच बुटांचं दुकान आहे, म्हणून आमच्या गावच्या बुटांच्या दुकानाला हा मान मिळाला.

"नऊ बायका नाचतायत," सिएनाकर छत्रीने फूटपाथवर एकेकीची जागा दाखवत. "राज्य चांगलं आहे, म्हणून भर रस्त्यात नाचतायत. पण वाजवतंय कोण? माझ्या पुस्तकात हे चित्र दोन पानांवर आहे आणि मधला दीड इंच शिवणीत गेलाय. तिथे कोणी असेल, नसेल. मला दिसत नाही. तेव्हा तोवर आपणच वाजवायचं."

मग ते छत्री काखेत धरून टाळ्या वाजवायला सुरुवात करत, आणि वीस-बावीस माणसं भर दुपारी बुटांच्या दुकानासमोर ताल धरून टाळ्या वाजवत. दुकानातल्या मुली बाहेर येऊन सामील होत. आमची शेजारीण जॉयस, ऐंशीची, वॉकरला धरून चालणारी, ती वॉकर सोडून वाजवायची. मेधाही वाजवायची. ती टाळ्या वाजवताना तिचा चेहरा असा काही व्हायचा की तो मी आमच्या लग्नात एकदा पाहिला होता, त्यानंतर इथे, बुटांच्या दुकानासमोर. मी हात खिशात घालून उभा राहायचो.

तिसऱ्या वर्षी माझा धीर सुटला. टाळ्या थांबल्याबरोबर मी विचारलं, "काका, एक सांगा. तुम्ही सिएनाला कधी गेला होतात?"

मला वाटलं, आता पडले तोंडघशी. ते म्हणाले, "मी? छे हो. कधीच नाही."

कोणीही दचकलं नाही. मेधा माझ्या कानाशी म्हणाली, "अरे, सगळ्यांना माहितीये ते. पहिल्याच वॉकला सांगतात ते. तू तेव्हा आला नव्हतास." जॉयसला मी काय विचारलं ते कोणीतरी इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ती माझा दंड थोपटत म्हणाली, "बट दॅट्स द होल पॉइंट, डिअर." आणि सिएनाकर विचार करून म्हणाले, "गेलो असतो तर तिथे जेवायला काय मिळालं तेच सांगत बसलो असतो." सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर काय करणार.

त्या दिवशी मी ठरवलं की आपण जायचं. त्यांनी न पाहिलेलं सिएना आपण पाहून यायचं आणि मग बोलायचं. त्याला आणखी दोन वर्षं लागली. मेधाला सांगितलं तेव्हा तिने मला मिठी मारली, आणि मग फोन उचलून पहिला फोन सिएनाकरांना केला.

निघण्याच्या आदल्या रविवारी ते आमच्याकडे आले. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. मेधा चहा करायला आत गेल्यावर त्यांनी ते त्या दोन पानांवर अर्धवट उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आर्टिस्ट, एक काम कराल? शिवणीत काय आहे तेवढं बघून या."

"इंटरनेटवर सापडेल की, काका."

"तिथे चित्र नखाएवढं दिसतं. तुम्ही बघा. तुमची नजर आहे. मेधा नुसती दंग होऊन जाईल."

मी हो म्हणालो. आतून मला उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं.

सिएनात आम्ही एका इटालियन बाईच्या टूरमध्ये होतो. ती हातात पिवळी झेंडी घेऊन भराभरा चालायची आणि तारखा सांगायची. मेधा तिच्यामागे चालता चालता मला हळूच सांगायची, "आता अपुरी भिंत येईल बघ." आणि यायची. काळ्या-पांढऱ्या खांबांपाशी ती थांबली, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि मग पुढे पाऊल टाकलं. गाड्या येतात का ते पाहत होती. स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या बायकोला मी घेऊन आलो होतो, आणि ती फिरत होती दुसऱ्याच माणसाबरोबर.

नगरभवनातल्या त्या खोलीत गेलो. भिंत माझ्या कल्पनेपेक्षा मोठी होती, रंग फिके आणि मऊ. बर्न्ट सिएना जिकडेतिकडे. क्षणभर मी सगळं विसरलो, हे कबूल करतो. मग मोजायला लागलो. नाचणाऱ्या नऊ. आणि त्यांच्यात, अगदी मधोमध, दहावी. ती नाचत नव्हती. उभी होती, एका हातात डफ उंच धरलेला, तोंड किंचित उघडं. गात होती ती.

सापडली, मी मनात म्हणालो. आता टाळ्या बंद.

शेजारी हलका आवाज आला. मेधा त्या चित्रासमोर उभी राहून टाळ्या वाजवत होती, अगदी हळू, बोटांनीच. पहारेकरी आला आणि त्याने बोट ओठांवर ठेवलं. ती सॉरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आहे रे कोणीतरी वाजवणारं," ती म्हणाली. "काका इथे हवे होते."

परत येताना विमानात मी वाक्य तयार केलं. शनिवारी, सगळ्यांसमोर, टाळ्या सुरू व्हायच्या आधी बोलायचं: काका, आता गरज नाही, डफवाली आहे तिथे. छोटं, नम्र, आणि एका वाक्यात काम तमाम.

शनिवार आला. फेरी बुटांच्या दुकानाशी पोचली. सिएनाकरांनी नऊ जागा दाखवल्या, मग ते सगळ्यांना थांबवून माझ्याजवळ आले. मेधा माझ्या शेजारीच होती.

"काय, आर्टिस्ट? शिवणीत?"

वाक्य जिभेवर होतं. आणि त्या क्षणी मला पुढचा शनिवार दिसला. डफवाली त्यांच्या फेरीत आली आहे, ते छत्रीने तिची जागा दाखवतायत, म्हणतायत, ही आपल्या आर्टिस्टनी शोधली. हिरवी माती गेली तशी हीही जाणार. ते तिला माझ्यापेक्षा चांगली सांगणार, आणि मेधा तसाच चेहरा करून ऐकणार. माझ्याकडे आजवर एकच गोष्ट अशी आली होती की जी या माणसाकडे नव्हती.

"कोणी नाही," मी म्हणालो. "नऊच आहेत."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. डॉक्टरचं अक्षर लावताना ते चिठ्ठीकडे पाहत, तसं. मग मान हलवली. "बरं. मग आपणच."

टाळ्या सुरू झाल्या. मेधाने माझा हात घट्ट धरला आणि सोडला नाही, त्यामुळे त्या दिवशी तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तू खोटं बोललास. त्यांच्या टाळ्या राहाव्यात म्हणून."  माझं गप्प राहणं तिने विनय मानलं. दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजमधून माझी चित्रं काढली, पुसली, आणि पर्वतीचं चित्र पुढच्या खोलीत लावलं. फ्रेमवर समोशाच्या बशीचा तेलकट अर्धगोल अजून होता. ती म्हणाली, "इतकं छान आहे, इतके दिवस का लावलं नाही आपण?" माझ्या हयातीत मी मत्सरापोटी बऱ्याच गोष्टी केल्या, पण फळ मिळालं ते फक्त हिचं.

दोन वर्षांनी सिएनाकर ऑकलंडला मुलीकडे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी त्यांनी छत्री मेधाला दिली. तेव्हापासून फेरी ती नेते. ते गेल्यावर तिने मंडळींना माझी ती गोष्ट सांगितली, आणि अशा रीतीने मी चांगला माणूस झालो. लोक मला पाहून हळूच हसतात, आणि काकांना यातलं काही कळू द्यायचं नाही हे सगळ्यांचं ठरलेलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात लायब्ररीने जुनी पुस्तकं विकायला काढली. शिवण सुटलेल्या, पानं निखळलेल्या पुस्तकांची एक पेटी होती, तीत ते पुस्तक होतं. आता ते कोणी नेत नव्हतं. मी घरी आणलं. मेधा ड्यूटीवर होती. मी ते टेबलावर ठेवलं आणि ती दोन पानं काढली. दोरा सैल झाल्यामुळे पुस्तक पहिल्यांदाच सपाट उघडलं. शिवणीच्या खळग्यात डफाची कड दिसली आणि एका बाहीचा तुकडा.

आणि त्यावर, खळग्यात उभी बसवलेली, कागदाची एक अरुंद पट्टी होती. औषधाच्या बाटलीवर लावायच्या लेबलची कापलेली पट्टी. मागचा गुळगुळीत कागद तसाच ठेवलेला, म्हणजे पुस्तकाला डिंक लागू नये. केमिस्टच्या मशिनमधून निघालेल्या लेबलवर तारीख आपोआप छापली जाते. ती आम्ही सिएनाला जाण्याच्या दोन वर्षं आधीची होती. खाली त्यांच्या बारीक अक्षरात, डोस लिहितात तसं, मराठीत लिहिलं होतं:

'नाचणाऱ्या ९. डफवाली १. टाळ्या चालू ठेवणे.'

 कुठे पाहिली असेल त्यांनी, दुसऱ्या पुस्तकात की कोणाकडून मागवून, कोण जाणे. पाहिली होती एवढं खरं. म्हणजे आमच्या घरी येऊन ते पुस्तक समोर धरलं तेव्हा त्यांना माहीत होतं. मग मला कशाला विचारलं? याचं उत्तर एकच निघतं, आणि ते मला आवडत नाही. खिशात हात घालून उभा राहणारा माणूस त्यांना दिसत होता. त्याला काहीतरी घेऊन येऊ द्यावं, सगळ्यांसमोर ते त्याच्या हातून बाहेर यावं, म्हणून त्यांनी मला ती बाई आणायला पाठवलं होतं. देऊन टाकली होती त्यांनी ती मला. आणि मी कोणी नाही म्हणालो तेव्हा त्यांना मी खोटं बोलतोय हे कळलं होतं, आणि कशासाठी, तेही कळलं असणार.

मी ऑकलंडला फोन लावला. तिथल्या फ्लॅट बुश या उपनगरात मुलीचं नवं मोठं घर होतं, ते तिथे वरच्या खोलीत राहत. आवाज बारीक झाला होता.

"आर्टिस्ट! बोला. इथे कठीण आहे हो. सगळी नवी घरं, माणसं गाडीतच बसलेली. कांपो मिळत नाही. पण गल्ल्या वाकड्या आहेत, आणि चढ आहे. बसवेन हळूहळू."

तुम्हाला माहीत होतं ना, एवढंच मला विचारायचं होतं. मी विचारलं, "हवा काय म्हणतेय?"

"हवा ठीक. फेरी चालू आहे?"

"हो. मेधा नेते."

"आणि टाळ्या?"

"चालू आहेत."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि मुलीने जेवायला हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती पट्टी माझ्या रंगाच्या पेटीत आहे, जुन्या ट्यूबांच्या खाली. मेधाला मी ती दाखवलेली नाही. दाखवली तर माझा एकुलता एक चांगुलपणा त्यांच्या नावावर जाईल, आणि तो तरी माझ्याकडे राहू दे, असं मला अजूनही वाटतं. शनिवारी बारा वाजता ती छत्री घेऊन निघते, मी मागून चालतो. बुटांच्या दुकानाशी ती थांबते, नऊ जागा दाखवते, शिवणीची गोष्ट सांगते आणि वाजवायची वेळ आली की पहिल्यांदा माझ्याकडे पाहते. मी खिशातून हात काढतो. माझ्या नावाने लिहून दिलेलं नसलं तरी पट्टीवरचं औषध मी घेतो, टाळ्या चालू ठेवल्या आहेत.